वाचकांचे प्रश्न : कंट्री गायकाचा पहिला अल्बम

प्रश्न : ख्रिस स्टेपलटनचा ‘ट्रॅव्हलर’ आला तेव्हा बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या मुख्य अल्बम चार्टवर चौदावा होता. सहा महिन्यांनी तोच अल्बम पहिला कसा झाला? मधल्या काळात गाणी तर बदलली नव्हती.

उत्तर : गाणी तीच होती, ऐकणारे वाढले. स्टेपलटन नॅशव्हिलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या राजधानीत, गीतकार म्हणून मुरलेला माणूस. त्याची गाणी बाकीचे गायक गात होते, पण त्याचा स्वतःचा आवाज रेडिओवर जवळपास नव्हताच. 2013 मध्ये त्याचं एक सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, आलं, ते चाललं नाही आणि ठरलेला अल्बम कंपनीने बासनात गुंडाळला. नंतर निर्माता डेव्ह कॉबबरोबर आरसीए स्टुडिओ ए मध्ये रेकॉर्ड केलेला ‘ट्रॅव्हलर’ 5 मे 2015 ला आला. समीक्षकांनी उचलून धरला, रेडिओ मात्र थंडच.

4 नोव्हेंबर 2015 ला सीएमए, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनच्या, पुरस्कारांच्या मंचावर तो पॉप गायक जस्टिन टिंबरलेकबरोबर गायला. सर्वोत्तम अल्बम, सर्वोत्तम गायक आणि नवोदित कलाकार असे तिन्ही पुरस्कार त्याच रात्री मिळाले. मुख्य चार्टमधून बाहेर पडलेला अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर परतला. त्या रात्रीचं ‘टेनेसी व्हिस्की’ हे गाणंही ‘हॉट कंट्री साँग्स’ चार्टवर पहिलं आलं. गंमत म्हणजे ते त्याचं नव्हेच, 1983 मध्ये जॉर्ज जोन्सच्या आवाजात गाजलेलं.

इथे एक गोम आहे. ऑक्टोबर 2012 पर्यंत ‘हॉट कंट्री साँग्स’ फक्त रेडिओवर मोजला जायचा. तेव्हापासून त्यात डाउनलोड आणि स्ट्रीमिंगही धरतात आणि निव्वळ रेडिओसाठी ‘कंट्री एअरप्ले’ हा वेगळा चार्ट आहे. जुना नियम असता तर एका रात्रीच्या कार्यक्रमावर ते गाणं पहिलं येणं शक्यच नव्हतं. त्यामुळे ‘कंट्री चार्टवर पहिला’ असं कुठे वाचलं, की कोणत्या चार्टवर आणि कोणत्या वर्षी, हे आधी बघा.

प्रश्न : पडलेलं सिंगल पुन्हा काढून उपयोग होतो का?

उत्तर : क्वचित, पण झाल्याचं ठळक उदाहरण आहे. रँडी ट्रॅव्हिसचं ‘ऑन दि अदर हँड’ 1985 मध्ये 67व्या क्रमांकापर्यंत जाऊन विझलं. पुढचं सिंगल ‘1982’ सहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं, आवाज ओळखीचा झाला, आणि कंपनीने आधीचं गाणं 1986 मध्ये पुन्हा रेडिओला दिलं. ते पहिलं आलं. पहिला अल्बम ‘स्टॉर्म्स ऑफ लाइफ’ त्यानंतर निघाला की आधी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही त्याच उन्हाळ्यातले. रेडिओवर अनोळखी गळा आणि अनोळखी गाणं एकदम खपत नाही, एवढं मात्र यातून दिसतं.

प्रश्न : प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती विकल्या, बरोबर?

उत्तर : आता तसं म्हणता येत नाही. अमेरिकेत आरआयएए ही रेकॉर्ड कंपन्यांची संघटना हे प्रमाणपत्र देते : गोल्ड 5 लाख, प्लॅटिनम 10 लाख युनिट. फेब्रुवारी 2016 पासून अल्बममधल्या गाण्यांची 1,500 स्ट्रीम किंवा 10 गाण्यांचे डाउनलोड मिळून एक युनिट धरतात. शिवाय कंपनीने अर्ज करून हिशेब तपासून घेतल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. अर्जच केला नाही, तर अल्बम कितीही खपो, भिंतीवर काही लागत नाही.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा : मे 1991. त्याआधी बिलबोर्ड दुकानदारांकडून कोणते अल्बम जास्त खपतात याची माहिती मागवून क्रम लावायचं. मग काउंटरवरच्या प्रत्यक्ष विक्रीची साउंडस्कॅनची नोंद वापरात आली आणि त्याच सप्टेंबरात गार्थ ब्रुक्सचा तिसरा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. कंट्री अल्बमच्या बाबतीत असं प्रथमच घडलं. त्याचा स्वतःचा पहिला अल्बम 1989 चा, म्हणजे जुन्या मोजणीतला. या दोन अल्बमच्या क्रमांकांची तुलना करणं म्हणजे वार आणि मीटर एकाच पट्टीने मोजणं.

प्रश्न : कंट्री गाण्यात मागे जे रडवेलं वाद्य वाजतं, ते स्लाइड गिटार का? परीक्षणात ‘स्टील फार पुढे आणलंय’ असं वाचलं.

उत्तर : बहुतेक वेळा ती पेडल स्टील गिटार. मांडणीत दहा तारा, प्रचलित जुळणी ई-नाइन, खाली तीन पेडल आणि गुडघ्याने दाबायच्या चार-पाच दांड्या. साध्या स्लाइडमध्ये तारेवर धातूची नळी किंवा कांडी फिरते, तेव्हा तिच्याखालच्या सगळ्या तारा एकदम वर-खाली होतात. पेडल स्टीलमध्ये निवडक तारच ताणली जाते.

पाश्चात्त्य ई हा सूर सा धरा. तारांवर सा-ग-प वाजतंय. पहिलं पेडल प ला ध वर नेतं, दुसरं ग ला म वर. दोन्ही एकत्र दाबली की सा-म-ध होतं. सा जागचा हलत नाही आणि बाकीचे दोन सूर त्याच्या अंगावरून मींड घेत सरकतात. काळजाला हात घालणारी जागा ती हीच. सुरुवातीला टणत्कार न येता सूर धुक्यातून उगवल्यासारखा येतो, तो व्हॉल्यूम पेडलमुळे : आवाज बंद ठेवून तार छेडायची आणि मग उजव्या पायाने हळूहळू उघडायचा.

चूक कुठे होते? पेडल दाबल्यावर वाद्याचा सांगाडाच किंचित वाकतो आणि न ताणलेल्या तारा थोड्या उतरतात. त्यासाठी आधीच हिशेब करून जुळवावं लागतं. ध्वनिमिश्रणात स्टील फार पुढे आणली की ती गायकाच्याच स्वरांच्या पट्ट्यात घुसते आणि शब्द पुसट होतात. परीक्षकाची तक्रार बहुधा तीच असणार.

प्रश्न : एकेका गाण्याखाली तीन-तीन गीतकार कशाला?

उत्तर : नॅशव्हिलमध्ये दोघा-तिघांनी खोलीत बसून गाणं लिहिणं हा रोजचा धंदा आहे. त्यात पैशाचं गणितही आहे. अमेरिकेत रेडिओ केंद्रावर गाणं वाजलं की मानधन गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतं. गायकाला त्या वाजण्याचं काहीच मिळत नाही. सीडी किंवा तबकडीच्या प्रत्येक प्रतीमागे गीतकार-प्रकाशकाला द्यायचा कायदेशीर दर 2006 पासून 2022 पर्यंत पाच मिनिटांच्या आतल्या गाण्याला 9.1 सेंट होता, 2023 मध्ये 12 सेंट झाला. नवा गायक गाण्यात वाटेकरी असेल तर यातला हिस्सा त्याचा. तिघांच्या यादीत गायकाचं नाव दिसतं ते कधी प्रतिभेमुळे, कधी या कारणामुळे. ऐकून फरक कळतो.

प्रश्न : रेडिओने नाकारलेला अल्बम पडला असं समजायचं का?

उत्तर : नाही. केसी मस्ग्रेव्ह्जचा मोठ्या कंपनीवरचा पहिला अल्बम ‘सेम ट्रेलर डिफरंट पार्क’ 2013 चा. त्यातल्या ‘फॉलो युअर अ‍ॅरो’ला रेडिओच्या चार्टवर पहिल्या चाळिसातही जागा मिळाली नाही आणि 2014 मध्ये सीएमएचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार त्यालाच मिळाला. अल्बमला ग्रॅमीही मिळालं. केंद्रचालक श्रोत्याने खुंटी फिरवू नये म्हणून धास्तावलेले असतात. पुरस्काराला मत देणारे धंद्यातलेच लोक, त्यांना तशी धास्ती नाही.

प्रश्न : नव्या अल्बमचा निकाल नेमका कधी बघायचा?

उत्तर : जुलै 2015 पासून अल्बम शुक्रवारी येतात आणि बिलबोर्डचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार असा धरतात. आगाऊ नोंदवलेल्या प्रती पहिल्याच आठवड्यात जमा होतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यातली घसरण बघून घाबरू नये. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला आकडा जास्त खरा. रेडिओवर नव्या गायकाचं सिंगल वर चढायला सहा महिने सहज लागतात, कधी वर्षही. सीएमएचं वर्ष 1 जुलै ते 30 जून असं असतं. ऑगस्टमध्ये आलेला अल्बम त्याच नोव्हेंबरच्या पुरस्कारांत दिसला नाही, तर तो डावलला असं नाही. त्याची पाळी पुढच्या वर्षी.