रॉटरडॅम ते आर्नेम: हॉलंडच्या नदीकाठाने पाच दिवस सायकलवर, रमतगमत

तुम्ही विचारलंय की, जूनमध्ये मुलीकडे आइंडहोव्हनला येताय, दोघंही पन्नाशीचे आहात, पुण्यात सकाळी पंधरा-वीस किलोमीटर सायकल चालवता. हॉलंडमध्ये नदीकाठाने चार-पाच दिवस फिरायचंय, चढ नकोत, वाटेत एखाद-दोन शहरं हवीत. आणि आर्नेमहून निघून नदीच्या प्रवाहाबरोबर रॉटरडॅमला उतरावं का?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सगळी सहल त्यावर ठरते. उलट जा. रॉटरडॅमहून निघा आणि आर्नेमला संपवा. जर्मनीतून येणारी ऱ्हाइन लोबिथजवळ नेदरलँड्समध्ये शिरते, तेव्हा तिची पातळी समुद्रसपाटीपेक्षा सरासरी जेमतेम दहा मीटर वर असते. तिथून समुद्रापर्यंत दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर. म्हणजे किलोमीटरमागे दहा सेंटिमीटरही उतार नाही. पायांना तो कळणारच नाही. कळतो तो वारा, आणि तो इथे बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो. सीटवर ताठ बसून तुम्ही शांत हवेत ताशी पंधरानं जात असाल, तर समोरून चांगला वारा असताना तेवढ्याच मेहनतीत वेग आठ-दहावर येतो. सपाट मुलखातला घाट म्हणजे हा वारा. तो पाठीवर घेतलात की चाळीस किलोमीटर गप्पा मारत होतात.

तरी रोज सकाळी अंदाज बघाच. डच हवामानात वाऱ्याचा जोर बोफोर्ट आकड्यात सांगतात. तीनपर्यंत काळजी नाही. चार म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर, तो पाठीशी असेल तर मजा, समोरून असेल तर त्या दिवसाचं अंतर पाव हिस्स्यानं कमी करा. पाच आणि समोरून असेल तर सरळ ट्रेन पकडा, त्यात कमीपणा नाही. पावसासाठी ‘बाउएनराडार’ हे ॲप बघा. सरी तासा-अर्ध्या तासात सरकतात, तेवढा वेळ कॉफीत घालवायचा.

मार्ग असा. पहिल्या दिवशी ट्रेननं रॉटरडॅम, एरास्मस पुलापाशी वॉटरबसमध्ये, म्हणजे प्रवासी बोटीत, सायकलीसकट चढा, किंडरडाइकला उतरा. सायकलीचं वेगळं तिकीट लागत नाही, पण सुट्टीच्या दुपारी सायकलींची जागा भरते, म्हणून सकाळची फेरी बरी. थेट फेऱ्या ऋतूप्रमाणे बदलतात, कधी मध्ये बोट बदलावी लागते. किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांच्यामधून जाणारा रस्ता सार्वजनिक आहे, तिकीट फक्त आतून चक्की बघायची असेल तर. मग लेक या ऱ्हाइनच्या फाट्याच्या बांधावरून स्खोनहोव्हन, वीसेक किलोमीटर. गाव चांदीच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध, मुक्कामाला छान.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीतून नदी ओलांडून अल्ब्लासरवार्डच्या कुरणांतून खोरिंखेम. अंतर पुन्हा वीसच्या आसपास, कारण दुपार लूव्हेस्टाइन किल्ल्यासाठी ठेवायची आहे. इथे कैदेत असलेला ह्यूगो ग्रोशिअस हा कायदेपंडित १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून इथूनच निसटला. खोरिंखेम, वाउड्रिखेम आणि किल्ला यांच्यात पायी आणि सायकलवाल्यांसाठी छोटी फेरीबोट चालते.

तिसरा दिवस टील, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. इथे दोन पर्याय आहेत. एक वाल या ऱ्हाइनच्या दुसऱ्या फाट्याच्या बांधावरून: उंचावरून मोठ्या मालवाहू बोटी दिसतात, झाल्टबोमेल हे जुनं गाव लागतं, आणि तिथे स्टेशनवर सायकली कुलूपबंद करून ट्रेननं काही मिनिटांत डेन बॉस शहर बघून येता येतं. दुसरा लिंगे नदीच्या काठानं, लेर्डामवरून: रस्ता वळणावळणाचा, फळबागांमधून, वाऱ्याला आडोसा. शनिवार-रविवार असेल तर मी लिंगेच सुचवेन. बांधावरच्या वळणांवर सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींचे ताफे फिरतात आणि रस्ता अरुंद असतो. जूनअखेरीपासून शेतकऱ्यांच्या दारात चेरीचे स्टॉल लागतात, सुटे युरो जवळ ठेवा.

चौथा दिवस नायमेखेन, पंचेचाळीसेक किलोमीटर, सहलीतला सगळ्यात मोठा पल्ला. या पट्ट्यात बांध इतके उंच का, हे जाताना समजून घ्या. १९९५ मध्ये पूर चढला तेव्हा या नद्यांच्या भागातून सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. त्यानंतर बांध नुसते वाढवण्याऐवजी नदीला जागा करून द्यायचं धोरण आलं. नायमेखेनसमोर लेंट गावाकडचा बांध साडेतीनशे मीटर मागे नेऊन वालला एक जोडपात्र खोदून दिलं. ते पाणी आणि मधलं बेट बघायला रेल्वेपुलाला जोडलेला ‘स्नेलबिंडर’ हा सायकलपूल सगळ्यात चांगला. पाचवा दिवस हलका: ‘ऱ्हाइनवालपाड’ या जलद सायकलमार्गानं वीसच्या आत आर्नेम. तिथून पुढे उत्तरेला जाऊ नका, फेलुवे या टेकड्यांच्या भागातले चढ लगेच सुरू होतात.

रस्ता शोधायला नकाशा सतत बघावा लागत नाही. चौकांना ०१ ते ९९ असे क्रमांक दिलेले आहेत, त्यांना ‘क्नोपपुंट’ म्हणतात. आदल्या रात्री सायकलिस्ट संघटनेच्या रूट प्लॅनरवर किंवा ‘फीट्सक्नोप’ ॲपवर रांग काढा, उदाहरणार्थ ४२–१७–६३, कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून हँडलला चिकटवा. क्रमांकाच्या चौकात पोचलात की पुढच्या आकड्याची पाटी शोधायची, बस. चुका दोनच ठिकाणी होतात. झुडपात पाटी झाकली जाते, म्हणून फाट्यानंतर किलोमीटरभर एकही पाटी दिसली नाही तर मागे फिरा. आणि तेच आकडे दुसऱ्या भागात पुन्हा येतात, म्हणून ‘१७ ला भेटू’ एवढंच ठरवून दोघांनी वेगळं होऊ नका.

सायकल आइंडहोव्हनलाच भाड्यानं घ्या. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत करायची सोय सहज मिळत नाही. स्टेशनवरच्या पिवळ्या-निळ्या ‘ओव्ही-फीट्स’ना गिअर नसतात आणि त्यांना डच कार्ड लागतं, तो विचार सोडा. सात-आठ गिअरची, मागच्या चाकाच्या हबमध्येच गिअर असलेली टुरिंग सायकल मागा आणि ‘हांडरेमन’, म्हणजे दोन्ही ब्रेक हाताचे हवेत, असं ठासून सांगा. बऱ्याच डच सायकलींना उलटं पेडल मारलं की ब्रेक लागतो. आपल्याला सिग्नलला थांबताना पेडल मागे फिरवून जुळवायची सवय असते, तिथेच नवखा माणूस पडतो. दुसरं, फ्रेमची उंची. इथल्या सायकली उंच माणसांच्या मापाच्या. पायाची आतली लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा, ०.६६ नं गुणा. ७४ सेंटिमीटर असेल तर ४९ ची फ्रेम. सीट अशी लावा की टाच खालच्या पेडलवर ठेवल्यावर गुडघा सरळ व्हावा. पहिल्याच दिवशी गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे.

सामान पाठीवर नको, कॅरिअरच्या दोन बाजूंच्या पिशव्यांत, प्रत्येकी पाच-सहा किलो, जड वस्तू तळाशी. पिशवीचे हूक दुकानातच लावून बघा, डच कॅरिअरच्या नळ्या जाड असतात आणि काही हूक त्यांवर बसत नाहीत. ३७ मिलिमीटरच्या टायरमध्ये हवा पुढे ४, मागे साडेचार बार. कमी हवेनं विटांच्या रस्त्यावर ट्यूब रिमवर चेपून फुटते. व्हॉल्व्ह बहुधा आपल्याकडच्या जुन्या सायकलींसारखाच, त्यामुळे पंप ओळखीचा वाटेल. मागचं चाक पंक्चर झालं तर ते काढायच्या फंदात पडू नका. गिअरची केबल आणि चेनकव्हर सोडवण्यात तास जाईल. सायकल आडवी करा, टायरची एकच कड उतरवा, ट्यूब जागेवरच बाहेर ओढा, भोक शोधून तिथेच पॅच लावा. टायर आतून बोटानं चाचपा, बांधालगतच्या कुंपणांचे काटे आत रुतून राहतात आणि दुसरं पंक्चर करतात.

रस्त्यावर सगळ्यात मोठी सावधगिरी: इथे उजवीकडून चालायचं. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. रस्त्यावर रंगवलेली पांढऱ्या त्रिकोणांची रांग टोकं तुमच्याकडे करून असेल तर तुम्ही थांबायचं. काहीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान, मग ती सायकल का असेना. मोबाइल हातात धरून चालवायला १ जुलै २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. मागून घंटी वाजली की एकामागे एक व्हा. रॉटरडॅममध्ये ट्रामचे रूळ शक्यतो काटकोनात ओलांडा, पूरमैदानातल्या गुरं अडवणाऱ्या लोखंडी जाळ्याही तशाच, सरळ आणि ब्रेक न दाबता, विशेषतः ओल्या असताना.

आठवड्याच्या वारांचं गणित जमवा. अल्ब्लासरवार्ड धार्मिक पट्टा आहे. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, काही छोट्या फेरीबोटीही चालत नाहीत. सोमवारी पुष्कळ उपाहारगृहं बंद. म्हणून मंगळवारी निघणं सोयीचं. शाकाहारी असाल तर पॅनकेक, चीज टोस्टी आणि ॲपल पाय सगळीकडे मिळतं, नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, पण बांधावर दहा-दहा किलोमीटर काहीच नसतं, बाटल्या गावातच भरा. जुलैवर ढकलू नका. तिसऱ्या मंगळवारपासून नायमेखेनला चार दिवसांची मोठी पदयात्रा असते आणि खोल्या मिळत नाहीत. मुक्कामासाठी ‘फ्रिंडन ऑप द फीट्स’ ही संस्था पाहा. वर्गणी भरून सभासद झालात की सायकलवाल्यांना घरगुती खोली आणि नाश्ता स्वस्तात मिळतो. मात्र आधी फोन करावा लागतो, तो मुलीला डचमध्ये करू द्या.

ट्रेनमध्ये प्रत्येक सायकलीला वेगळं दिवसभराचं तिकीट लागतं, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९ व संध्याकाळी ४ ते ६:३० सायकल नेता येत नाही. सायकलीचं चित्र असलेल्या दारातूनच चढा. आर्नेमहून आइंडहोव्हनला एकदा गाडी बदलावी लागते, तेव्हा दुपारी तीनच्या आत शेवटचा टप्पा गाठता येईल अशी गाडी धरा.