नडगीला टेबलाचा कोपरा लागला की जीव कळवळतो. दुखतं ते हाड, की त्यावरचं आवरण?

मुख्यतः आवरणच. हाडाला बाहेरून चिकटलेल्या या पातळ पण चिवट पडद्याला पर्यस्थिकला किंवा पेरिऑस्टियम म्हणतात. त्यात वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंचं दाट जाळं असतं. नडगीच्या पुढच्या बाजूला स्नायूची गादीही नसते, मग डोळ्यांत पाणी येणारच!

दुखण्यापलीकडे त्याचं खरं काम आतल्या थरात चालतं. तिथल्या पेशी नवं हाड तयार करतात. वाढत्या वयात हाड जाड होतं ते त्यांच्यामुळे, आणि मोडलेलं हाड सांधायलाही त्याच पुढे येतात. बाहेरचा थर तंतुमय असतो. सांध्यातल्या टोकांवर मात्र हे आवरण नसतं, तिथे गुळगुळीत कूर्चा असते.