विषाणू श्वासनलिकेत, मग अंग का दुखते?

प्रश्न : पावसाळा सुरू होताच मला फ्लू झाला. हा विषाणू श्वसनमार्गातच राहतो, असे डॉक्टरांनी सांगितले; पण मांड्या आणि पाठ इतकी दुखत होती की अंथरुणातून उठवत नव्हते. ताप लवकर उतरला, खोकला मात्र अजून रेंगाळतो आहे. असे का होते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी सांगितले ते योग्यच आहे. इन्फ्लुएन्झाचा विषाणू सहसा रक्तातून शरीरभर फिरत नाही, आणि आपल्या पाठीच्या स्नायूंपर्यंत तो बहुधा पोहोचलाही नसेल. तो श्वसनमार्गातच का अडकून राहतो हे समजले, की आपल्या दोन्ही तक्रारींचा उलगडा होतो.

हा विषाणू साधारण १०० नॅनोमीटर व्यासाचा असतो. स्निग्ध पदार्थाच्या पातळ आवरणात आरएनएचे, म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती साठवणाऱ्या रेणूचे, आठ सुटे तुकडे असतात आणि आवरणावर हिमॅग्लुटिनिन व न्यूरामिनिडेज या दोन प्रथिनांचे काटे असतात; एच१एन१, एच३एन२ या नावांतील एच आणि एन ते हेच. श्वसनमार्गाच्या अस्तरातील पेशींवर सायलिक आम्ल असते, त्याला हिमॅग्लुटिनिन चिकटते आणि पेशी विषाणूला एका सूक्ष्म कप्प्यात आत ओढून घेते. त्या कप्प्यातील आम्लता वाढताच हिमॅग्लुटिनिनचा आकार पालटतो, विषाणूचे आवरण कप्प्याच्या पटलाशी एकजीव होते आणि आरएनए पेशीत मोकळा होतो. मात्र हे घडण्यासाठी हिमॅग्लुटिनिन आधीच एका ठरावीक जागी कापले गेलेले असावे लागते, आणि हंगामी फ्लूच्या विषाणूसाठी हे काम करणारी विकरे (एन्झाइम्स) प्रामुख्याने श्वसनमार्गातच मिळतात. त्याची मजल तेथेच संपते, ती यामुळे. याउलट, अतिघातक बर्ड फ्लूच्या काही विषाणूंचे हिमॅग्लुटिनिन जवळजवळ कोणत्याही पेशीतील विकराने कापले जाते, म्हणून कोंबड्यांच्या शरीरात ते सर्वत्र पसरतात.

पेशीत शिरलेला आरएनए थेट केंद्रकात जातो. तेथे विषाणू पेशीच्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएची टोके तोडून आपल्या संदेशांना जोडतो, त्यामुळे पेशी ते संदेश आपलेच समजून विषाणूची प्रथिने तयार करू लागते. काही तासांतच नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागावर येतात, पण सायलिक आम्लाला चिकटून राहतात. न्यूरामिनिडेज ते आम्ल तोडून त्यांना सोडवते. ऑसेल्टामिविर हे औषध नेमकी हीच सुटका रोखते, आणि म्हणूनच लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू केल्यास त्याचा सर्वाधिक उपयोग होतो.

आता अंगदुखीविषयी. विषाणू शिरल्याचे लक्षात येताच पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडतात आणि शेजारच्या पेशींना सावध करतात. एलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये लंडन येथे इंटरफेरॉनचा शोध लावला, तोही इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर प्रयोग करतानाच. इंटरफेरॉनबरोबर सायटोकाइन गटातील इतर प्रथिनेही रक्तात मिसळतात. विषाणू जेथे जात नाही तेथे ही प्रथिने पोहोचतात : मेंदूत ती प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनाच्या द्वारे शरीराचे तापमान वाढवतात, भूक मारतात, ग्लानी आणतात, आणि स्नायू व सांधे दुखू लागतात. थोडक्यात, आपण अंथरुणाला खिळलात ते बव्हंशी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारामुळे. पॅरासिटामॉलने बरे वाटते ते प्रोस्टाग्लँडिन कमी झाल्यामुळे. विषाणूवर त्या गोळीचा काहीही परिणाम होत नाही.

खोकल्याची गोष्ट वेगळी आहे. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर सूक्ष्म तंतू असतात. वाऱ्यावर डुलणाऱ्या भातशेतासारखे ते एका लयीत हलतात आणि धूळ, जंतू व कफ घशाकडे ढकलत राहतात. संसर्गात या पेशी मोठ्या प्रमाणावर मरून गळून पडतात. विषाणूचा नायनाट सहसा आठवडाभरात होतो, पण अस्तर पुन्हा तयार होऊन त्यावर तंतू उगवायला काही आठवडे लागतात. तोवर कफ बाहेर काढण्याचे काम खोकल्यालाच करावे लागते आणि उघड्या पडलेल्या मज्जातंतूंना थंड हवाही झोंबते. आपला खोकला हळूहळू कमी होत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

प्रश्न : गोवराची लस लहानपणी घेतली की पुरते, मग फ्लूची दरवर्षी का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : विषाणूच्या आरएनएची नक्कल करणाऱ्या विकराला स्वतःच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत. नकलेगणिक चुका साचतात आणि हिमॅग्लुटिनिनचे रूप इतके बदलते, की जुन्या प्रतिपिंडांना ते नीट ओळखता येत नाही. शिवाय लसीने आलेले संरक्षणही काही महिन्यांत ओसरू लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते प्रकार असावेत हे सुचवते. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, त्यामुळे येथे लस जूनपूर्वी घेणे इष्ट. गरोदर स्त्रिया, वृद्ध, लहान मुले आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी ती टाळू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

याहून मोठा बदल आरएनएच्या आठ सुट्या तुकड्यांमुळे घडतो. एकाच पेशीत दोन निरनिराळे विषाणू शिरले, तर त्यांच्या तुकड्यांची सरमिसळ होऊन अगदी नवा विषाणू जन्माला येऊ शकतो. २००९ मध्ये पुण्यात हाहाकार उडवणारा एच१एन१ असाच, डुक्कर, पक्षी आणि माणूस यांच्या विषाणूंतील तुकडे एकत्र येऊन तयार झाला होता.

प्रश्न : फ्लूवर अँटिबायोटिक घ्यावे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही. ही औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही, आणि उरलेल्या गोळ्या घरच्या घरी घेण्याची सवय घातक आहे. परंतु अस्तर उघडे पडल्यावर न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस हे जिवाणू फुप्फुसात सहज शिरकाव करतात. १९१८ च्या साथीतील बहुसंख्य मृत्यू अशाच न्यूमोनियाने झाले असावेत, असे जतन केलेल्या फुप्फुसांच्या तपासणीतून दिसते. म्हणून ताप उतरून एक-दोन दिवस बरे वाटल्यावर तो पुन्हा चढला, धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी अँटिबायोटिकची खरोखरच गरज पडू शकते.