अणुऊर्जा यंत्रणेचा हिशेब कोणी तपासायचा?

आपण विचारले आहे की, भारताची अणुऊर्जा यंत्रणा शाश्वत आणि जनतेला उत्तरदायी आहे असे म्हणता येईल का. शाश्वततेचा दावा मला निम्मा मान्य आहे. उत्तरदायित्वाचा दावा मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि सोलापुरात क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून उमेदीची वर्षे घालवल्यानंतर हे सांगण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे मी समजतो.

अणुऊर्जा म्हटले की तारापूर आणि जैतापूरवरच चर्चा होते. पण गल्लीतले क्ष-किरण यंत्रही किरणोत्सार सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्याच कक्षेत येते. मी शहरातील एका खासगी निदान केंद्रात नोकरीला होतो. किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्याने छातीवर टीएलडी बॅज लावायचा असतो. प्लास्टिकच्या खोळीत एक कार्ड आणि त्यात तीन छोट्या चकत्या, एवढाच तो प्रकार. दर तिमाहीला तो प्रयोगशाळेत जातो आणि शरीराला किरणोत्साराची किती मात्रा मिळाली ते कळते. आमच्याकडे बॅजचे पाकीट आले की मालक ते स्वागतकक्षाच्या टेबलाच्या खणात टाकीत, कारण बॅज हरवला तर भुर्दंड पडेल अशी त्यांना धास्ती होती, आणि तिमाही संपली की तेच पाकीट जसेच्या तसे परत पाठवीत. त्यामुळे अहवालात प्रत्येकाच्या नावापुढे शून्य येई. इकडे लहान मूल हलू नये म्हणून त्याला धरून उभा राहणारा मी होतो, आणि अंगावर असे तो शिशाचा ॲप्रन, जो टांगून न ठेवता घडी घालून ठेवल्यामुळे कमरेजवळ तडकलेला होता. मी विषय काढला तेव्हा मालक म्हणाले, ‘शून्य आलंय ना? मग चांगलंच आहे की!’ पुढे मी ती नोकरी सोडली. पण कागदावरच्या शून्यावर माझा विश्वास बसेनासा झाला तो कायमचाच.

२०१२ साली कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, नियामक मंडळाच्या कारभारावर अहवाल दिला, तेव्हा ही गोष्ट आमच्या केंद्रापुरती नव्हती हे कळले. देशातील सुमारे ९१ टक्के वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांची मंडळाकडे नोंदणीच नव्हती. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाने तोवर देशाचे किरणोत्सार सुरक्षा धोरणही तयार केलेले नव्हते. मूळ दुखणे रचनेतच होते: मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी आणि आयोगाचा अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा विभागाचाच सचिव, म्हणजे ज्याने अणुभट्ट्या उभारायच्या त्यालाच पंचाने हिशेब द्यायचा. मंडळाच्या जागी वैधानिक प्राधिकरण आणणारे विधेयक २०११ साली संसदेत मांडले गेले आणि २०१४ साली लोकसभेबरोबर तेही विसर्जित झाले. त्याआधी २०१० साली दिल्ली विद्यापीठात वर्षानुवर्षे पडून असलेले किरणोत्सारी कोबाल्ट-६० चे यंत्र लिलावात भंगारवाल्याकडे गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात एका कामगाराचा जीव गेला. ज्यांच्या हातात ते भंगार पडले त्यांना ते काय आहे हे कोणी सांगितलेच नव्हते.

वीज क्षेत्रातून निवृत्त झालेल्या माझ्या साडूंचे मत नेमके उलटे आहे. गड्ड्याच्या यात्रेला सगळे पाहुणे जमले की जेवणाच्या पंगतीत ते ठासून सांगतात, ‘अणू हा देशाच्या सुरक्षेचा विषय आहे, तिथे हिशेब मागायचा नसतो.’ शस्त्रांपुरते ते खरे आहे, पण बॅजची नोंद किंवा जुनी भट्टी मोडण्याचा खर्च यांत कोणते लष्करी गुपित दडले आहे? माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेली माहिती द्यावीच लागते. सबंध फाईलच झाकून ठेवणे याला मी सुरक्षा म्हणत नाही, तो निव्वळ आळस आहे.

शाश्वततेबद्दल थोडेच सांगतो. धूर नाही म्हणून ऊर्जा शाश्वत, ही व्याख्या अपुरी आहे. ज्याने वीज वापरली त्यानेच भट्टी मोडण्याचे आणि कचरा सांभाळण्याचे पैसे भरले पाहिजेत. अणुविजेच्या दरात त्यासाठी युनिटमागे २ पैसे धरलेले आहेत, परंतु देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे, अगदी ३० वर्षे चाललेल्याकडेही, भट्टी मोडण्याचा आराखडा नव्हता असे कॅगच्या त्याच २०१२ च्या अहवालात नोंदलेले आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. मी अणुविजेच्या विरोधात नाही. आमच्या उंबरठ्यावर फताटेवाडीचे १,३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र कोळसा जाळते आणि उजनीचे पाणी पिते; उन्हाळ्यात नळाची वाट पाहणाऱ्या सोलापूरकराला त्याची किंमत सांगावी लागत नाही. शिवाय क्ष-किरण यंत्रांचे परवाने आता मंडळाच्या ई-लोरा प्रणालीतून ऑनलाइन मिळतात आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केलेल्या नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला आहे. कॅगच्या अहवालानंतर त्याला तेरा वर्षे लागली, हेही लक्षात असू द्यावे.

आपण अभ्यासासाठी विचारत असाल तर आधी तो अहवाल मुळातून वाचा. केवळ कुतूहल असेल तर जवळच्या क्ष-किरण केंद्रात जाऊन परवाना दर्शनी भागात लावला आहे का आणि तंत्रज्ञाच्या छातीवर बॅज आहे का, एवढे पाहून या. आणि माझ्या साडूंसारखे कोणी वाद घालू लागले, तर त्यांना विचारा की तारापूरच्या १९६९ च्या भट्ट्या मोडण्याचा खर्च त्या २ पैशांत भागणार आहे का; साडूंनी या प्रश्नावर दर वेळी श्रीखंडाची दुसरी वाटी मागितली आहे.