टोकन द्यायच्या आधी

मावशी,
वय २४, राहणार इचलकरंजी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. हातात ३८ हजार येतात, त्यातले १० घरी देतो. पावणेदोन लाख साठवलेत, पहिली गाडी घ्यायचीय. आजवर बाबांची ओम्नीच चालवली, तीही सुताच्या गोण्या भरून. मित्राच्या मित्राकडं २०१६ ची पोलो जीटी टीएसआय आहे, पावणेपाच लाख म्हणतोय. स्टेज वन केलेली (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवलेली), एक्झॉस्ट बदललेला. चालवून बघितली, किणी टोलनाक्याच्या पुढं १६५ ला टेकवली, ते अजून डोक्यातून जात नाही. बाबांचं एकच, वॅगनआर घे, ॲव्हरेज देते, आईला चढायला-उतरायला बरी (तिचे गुडघे दुखतात). आठवडा झाला, आमचं बोलणं बंद आहे. १६५ चं आणि स्टेज वनचं त्यांना माहीत नाही. समोरचा म्हणतोय रविवारपर्यंत टोकन दे, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. बाबांना कसं पटवू?
— न्यूट्रलमध्ये अडकलेला, इचलकरंजी

अरे न्यूट्रलमधल्या,

तू कसला न्यूट्रलमध्ये! पोलोवर चार वाक्यं लिहिलीस आणि वॅगनआरवर एक, तेही बाबांच्या तोंडचं. तुझं ठरलंय, फक्त कुणा मोठ्या माणसाची सही हवीय. ती मी या पोलोवर करणार नाही. वॅगनआरवरही करणार नाही, म्हणजे बाबाही माझ्यावर नाराज होणार. होऊ देत.

आधी तुझ्या बाजूचं बोलते. पोलो जीटी ही गाडीच तशी आहे, तुला दोष देत नाही. चाकणच्या कारखान्यात बनली, २०१३ मध्ये आली तेव्हा दहा लाखांच्या आतबाहेर असं काही दुसरं नव्हतंच. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, दार लावलं की तिजोरीसारखा आवाज. ओम्नीला जेमतेम ३५ पीएस. तिच्यातून उतरून तू हिच्यात बसलास आणि डोकं फिरलं नसतं तर मलाच तुझी काळजी वाटली असती.

पण १६५? किणीच्या पुढचा तो रस्ता मला माहीत आहे. सहापदरीचं काम, ध्यानीमनी नसताना समोर येणारी डायव्हर्जन, आणि हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. नशीब असेल तर पांढऱ्या पोत्याचा एखादा तुकडा बांधलेला. १६५ ला गाडी सेकंदाला ४६ मीटर जाते. ट्रॉली दिसली, डोक्यानं पायाला सांगितलं आणि पाय ब्रेककडं निघाला, एवढ्यात ४६ मीटर संपलेले असतात आणि गाडीचा वेग अजून तसूभरही कमी झालेला नसतो. बरं, गाडी दुसऱ्याची. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ असेल तर टायर २०१८ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. ते आकडे तू वाचलेस का? माझी पैज, नाही वाचलेस. एक्झॉस्टचा आवाज मात्र तीनदा ऐकला असशील.

आता तुझ्याच आकड्यांचा हिशेब करू. घर ते शिरोली येऊन-जाऊन ५० किलोमीटर धरते, महिन्याला १,२५०. पोलोनं लिटरला १२ दिले तर १०४ लिटर पेट्रोल. १०५ रुपयांच्या भावानं १०,९०० च्या पुढं. सोळा देणारी गाडी असेल तर ८,२००. फरक २,७०० रुपयांचा. खरं सांगू? एवढ्यासाठी कुणी आवडती गाडी सोडू नये. महिन्यातून चारदा बाहेर जेवायला कमी जा, निघतील. बाबा ज्यावरून भांडतायत तो मुद्दा तसा लहानच आहे.

मोठा मुद्दा गिअरबॉक्सचा, आणि तुझ्या पत्रात त्याचं नाव नाही. त्या वर्षाच्या जीटी टीएसआयला सात गिअरचा डीएसजी असतो, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तोही ड्राय, तेलात न बुडवलेल्या क्लचचा. गाडी वाहती असली की लोण्यासारखा चालतो. पण सांगली नाक्यासारख्या ठिकाणी मुंगीच्या पावलानं सरकायची वेळ आली की क्लच तापतात, आणि मेकाट्रॉनिक नावाचा त्याचा जो मेंदू आहे तो गेला की बिल लाखाच्या पुढं जाऊ शकतं. कंपनीनं या बॉक्सची टॉर्कची, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोराची, मर्यादा २५० न्यूटन मीटर ठेवलीय. गाडीचा मूळचा टॉर्क १७५, म्हणजे बॉक्सला भरपूर मोकळीक. स्टेज वन म्हणजे संगणकात फेरफार करून टॉर्क वाढवायचा आणि ती मोकळीक खाऊन टाकायची. दहा वर्षांच्या बॉक्सवर हा प्रयोग कुणी केला, किती काळ केला, मध्ये कितीदा लाँच मारले, म्हणजे उभी गाडी एकदम पूर्ण जोरानं सोडली, हे तो मित्राचा मित्र सांगणार आहे का?

पावणेपाचातले पावणेदोन तू रोख देणार, तीन लाखांचं कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज चढं असतं आणि दहा वर्षांच्या गाडीला कर्ज द्यायला बऱ्याच बँका नाकं मुरडतात. तरी १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मिळालं असं समजू. हप्ता १०,२५०. घरचे १०,०००. पेट्रोल १०,९००. ३८ हजारांतून उरले सात हजारांच्या खाली, आणि त्यात मोबाइल, कपडे, मित्राचं लग्न, विम्याचा हप्ता, सगळं. साठवलेलं तर पहिल्याच दिवशी संपलंय. सहाव्या महिन्यात गिअरबॉक्स बसला तर दारात बंद गाडी, चालू हप्ता, आणि शिरोलीला जायला पुन्हा सुताच्या गोण्यांसोबत ओम्नी. तेव्हा बाबा काही बोलणार नाहीत, आणि ते न बोलणं तुला जास्त झोंबेल.

फेरफार केलेल्या गाडीची आणखी एक गोम आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल मनाला येईल तसे करता येत नाहीत, आणि विमा कंपनीला न कळवलेले बदल असले की अपघातानंतर दावा नाकारायला तिच्या हातात आयतं कारण मिळतं. म्हणजे ज्या दिवशी विम्याची गरज पडणार, नेमक्या त्याच दिवशी तो हातचा जायचा.

आता बाबांची वॅगनआर. बाबांना सांग, मावशी म्हणाली, वॅगनआरला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एकच तारा मिळाला. ही संस्था गाड्या धडकवून बघते आणि सुरक्षिततेला पाचपैकी तारे देते. तुझ्या पोलोला २०१४ मध्ये दोन एअरबॅगसह चार मिळाले होते. २०२२ पासून या चाचणीचे नियम कडक झालेत, तेव्हा हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडून भांडू नका. पण वॅगनआर घेतली म्हणजे पोरगा सुखरूप, असं जे बाबांना वाटतंय ते तपासून बघायला हवं. ती चालवायला सोपी आहे, हे खरं.

माझं ऐकशील तर २०२० किंवा २१ ची टाटा अल्ट्रोझ, १.२ पेट्रोल, मॅन्युअल, फेरफार न केलेली, सर्व्हिसची नोंद असलेली, अशी एखादी शोध. नीट शोधलीस तर तुझ्या पैशात बसावी. त्या गाडीला २०२० मध्ये त्याच संस्थेकडून पाच तारे मिळालेत. आणि तिची दारं ९० अंशांत उघडतात, पार काटकोनात. आईला घेऊन जा, मागच्या सीटवर दोनदा चढून-उतरून बघू दे. गुडघे काय म्हणतात ते ती सांगेल, तुझा आणि बाबांचा अंदाज नको. इंजिन मात्र मंद आहे, खोटं सांगत नाही. पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्यात दम लागेल आणि तू मला शिव्या घालशील. घाल. क्लचप्लेट गेली तर ती बदलणारा मिस्त्री इचलकरंजीत गल्लोगल्ली आहे आणि बिल तुझ्या पगारात बसतं. कर्ज अडीचावर थांबवता आलं तर आणखी बरं. पावणेदोनातले निदान पन्नास हजार बँकेत राहिलेच पाहिजेत, गाडी कुठलीही घे.

वेगाची तहान आहे, ती काही अल्ट्रोझनं भागणार नाही. पण तुझ्या उशालाच कोल्हापुरात मोहित्यांचा रेसिंग ट्रॅक आहे, कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाड्यांच्या, देशपातळीवरच्या स्पर्धा तिथं झाल्यात. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री या कार रेसिंग स्पर्धेपर्यंत जाऊन आलाय, तेव्हा हे आपल्याकडं नसतं असं म्हणू नकोस. कार्टमध्ये बूड जमिनीला टेकल्यागत असतं, सस्पेन्शन नाही, साठचा वेगही पोटात गोळा आणतो. ब्रेक कुठं मारायचा, वळण कुठून कापायचं, मागची चाकं सुटली की काय करायचं, हे तिथं एका सकाळी जेवढं कळेल तेवढं हायवेवर सरळ रेषेत १६५ मारून जन्मात कळणार नाही. चटक लागलीच तर कोइमतूरला करी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक आहे, तिथं शिकवण्या चालतात. त्यासाठी पैसे साठव, मी शब्दानं अडवणार नाही.

दोन वर्षांनी हे कर्ज बरंचसं फिटलेलं असेल, पगार वाढलेला असेल आणि तेव्हाही पोलोच डोक्यात असेल, तर २०२० ते २२ मधली १.० टीएसआय बघ. ११० पीएस, टॉर्क तोच १७५, सहा गिअरची मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. डीएसजीचं दुखणं तिच्यात नाही. २०२२ मध्ये पोलो आपल्याकडं बंद झाली, त्यामुळं चांगल्या ठेवलेल्या मोजक्याच राहतील; पण चांगली ठेवलेली मिळेपर्यंत थांबायचं असतं. तेव्हा मला लिही, मी तुझ्याबरोबर गाडी बघायला येईन. खरंच येईन.

बाबांचं राहिलं. पटवायचं कसं, असं विचारलंस. तू अर्धीच गोष्ट सांगून पटवायला निघालायस, कसं जमणार? आज जेवणं झाली की आधी १६५ चं सांग. ओरडतील, ओरडू देत, मध्ये बोलू नकोस. मग हा हिशेबाचा कागद पुढं ठेव, पेट्रोलपासून गिअरबॉक्सपर्यंत, आणि वॅगनआरचा एक तारासुद्धा. तुझी गाडी तू स्वतःच खोडून काढतोयस हे बघितल्यावर ते त्यांचीही सोडतील, असा माझा होरा आहे. सुताच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस आहे, हिशेब दिसला की त्याला बोलायला विषय मिळतो. चुकून विचारलंच, कशी पळत होती रे, तर लाजू नकोस, सांग.

कुठलीही जुनी गाडी घेताना एमपरिवहन या सरकारी ॲपवर कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलानं बघायची, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या स्वतःच्या डोळ्यांदेखत घ्यायच्या, आणि नाव बदललं की चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायचा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही. येतो म्हणणारा एजंट थापा मारतोय.

राहिलं ते दुसरं गिऱ्हाईक. असं गिऱ्हाईक प्रत्येक जुन्या गाडीला असतं आणि ते नेहमी रविवारीच येणार असतं. येऊ दे त्याला. टोकन अजून दिलं नसशील तर देऊ नकोस. दिलं असशील तर किती दिलंस आणि पावती घेतलीस का, ते आजच कळव. मग पैसे परत कसे काढायचे ते बघू.

— मावशी