वाचकांचे प्रश्न : मल्चर थरथरतो, बेल्ट जळतो, निपलला पंप किती?

ट्रॅक्टरमागे लावायच्या फ्लेल मोअरला, म्हणजे फिरत्या रोटरवर झुलणाऱ्या हॅमरने किंवा ब्लेडने गवत कापणाऱ्या यंत्राला, आपल्याकडे बहुतेक जण मल्चरच म्हणतात. पाऊस ओसरू लागला की मैदानांवर, मोठ्या संकुलांत आणि वसई-विरारच्या वाड्यांत गवत कमरेला लागतं आणि या यंत्राबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरं.

प्रश्न : आमच्या दीड मीटरच्या मल्चरचे तीन हॅमर तुटले, म्हणून तेवढेच नवे बसवले. तेव्हापासून यंत्र एवढं थरथरतं की ट्रॅक्टरची सीटही हलते. मेकॅनिक म्हणतो, रोटरचं बेअरिंग गेलं. बदलून टाकू का?
— मैदानाची देखभाल पाहणारे वाचक, मुलुंड

उत्तर : बेअरिंगला हात लावण्याआधी वजनकाटा आणा. थरथर हॅमर बदलल्याबरोबर सुरू झाली, तेव्हा संशय आधी त्यांच्यावरच घ्यायचा. नवा आणि झिजलेला हॅमर यांच्या वजनात ५० ग्रॅमचा फरक सहज पडतो. ५० ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात. पण रोटर मिनिटाला २००० फेरे घेत असेल आणि हॅमरचं वजन मध्यापासून २० सेंमीवर असेल, तर तेवढ्या फरकाची बाहेरची ओढ सुमारे ४५ किलो भरते, आणि तिची दिशा सेकंदाला ३३ वेळा फिरते. अशा तीन जागा झाल्या की चांगलं बेअरिंगही एका हंगामात संपतं. म्हणजे मेकॅनिकचं म्हणणं उद्या खरं ठरेल, पण तो परिणाम असेल, कारण नव्हे. नुसतं बेअरिंग बदललंत तर नवंही त्याच वाटेने जाईल.

सगळे हॅमर काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला आणि खडूने प्रत्येकावर वजन लिहा. हॅमर रोटरवर समोरासमोर असतील तर सारख्या वजनाच्या जोड्या लावा. एक तुटला की त्याच्या समोरचाही बदला. तीन ओळींच्या रोटरवर बरोबर समोर कोणी नसतो. तिथे सुटे बदलण्याच्या भानगडीत न पडता पूर्ण संच घ्यावा. सोबत बोल्ट आणि बुशही बघा. बोल्टच्या मधल्या भागाला खाच पडली असेल किंवा हॅमरचं भोक लांबट झालं असेल, तर तो भाग भंगारात. बोल्ट यंत्राच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचाच हवा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट धक्क्याने तुटतो आणि हॅमर गोळीसारखा सुटतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा उघडला की परत वापरू नका. नट पूर्ण आवळल्यावरही हॅमर हाताने मोकळा झुलला पाहिजे. जाम झाला तर दगड लागताच मागे सरणार नाही आणि सगळा धक्का रोटरवर जाईल. झिजलेल्या हॅमरवर वेल्डिंगचा थर चढवायची युक्ती कोणी सुचवेल. तिने वजन बिघडतंच, शिवाय पोलाद ठिसूळ होतं.

वजनं जुळवूनही थरथर राहिली तर रोटरवर सुकलेला चिखल खरवडा आणि मग पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा दांडा) बघा. शाफ्टच्या दोन्ही नळ्यांवरचे आतले योक (सांध्याचे दुबेळके) एका रेषेत असले पाहिजेत. चौकोनी शाफ्ट काढून घालताना चुकून पाव फेरा फिरतो आणि मग यंत्र प्रत्येक फेऱ्यात दोनदा हिसके देतं. एवढं सगळं झाल्यावर बेअरिंग. शाफ्ट सुटा करून रोटर सावकाश फिरवा. खरखर लागली किंवा टोकाशी वर-खाली खेळ जाणवला, तर मात्र बदला.

प्रश्न : रोटरला तार किंवा दोरी गुंडाळली की आमची मुलं यंत्र हायड्रॉलिकवर उचलून, खाली शिरून ती कापतात. दोन मिनिटांचं काम असतं. यात धोका आहे का?
— वाडीमालक, विरार

उत्तर : आहे, आणि जीव जाण्याइतका आहे. हे आजच बंद करा. हायड्रॉलिक लिफ्ट उचलण्यासाठी असते, धरून ठेवण्यासाठी नव्हे. पाइप फुटला, सील गळलं किंवा कोणाचा लिव्हरला धक्का लागला, की तीन-चारशे किलोचं यंत्र खाली येतं. इंजिन बंद असलं तरीही येतं.

क्रम असा ठेवा. सपाट जागा, पीटीओ बंद, यंत्र जमिनीवर, हँडब्रेक, इंजिन बंद, आणि किल्ली ट्रॅक्टरला न ठेवता खाली शिरणाऱ्याच्या खिशात. शाफ्टला ओव्हररन क्लच (रोटरला मोकळं फिरू देणारा) असेल तर पीटीओ थांबल्यावरही रोटर बराच वेळ स्वतःच्या जोराने फिरत राहतो. आवाज पूर्ण थांबेपर्यंत झडप उचलून डोकवायचं नाही. मग शाफ्ट ट्रॅक्टरच्या बाजूने काढा, तेवढ्यापुरतं इंजिन सुरू करून यंत्र उचला आणि वजनाला पुरतील असे लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे खाली द्या. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक चालत नाहीत, ते इशारा न देता फुटतात. यंत्र ठोकळ्यांवर टेकवून, इंजिन बंद करून, किल्ली पुन्हा खिशात घालून एकदा जोराने हलवून पाहा. नट सैल करण्याआधी रोटरमध्ये लाकडी पाचर अडकवा. हातात चामड्याचे मोजे हवेत, कारण एक हॅमर ढकलला की रोटर फिरतो आणि दुसरा मागून बोटांवर येतो.

आता तारेबद्दल. मुंबई आणि आसपासच्या मैदानांवर गणपती-नवरात्रीच्या मांडवांनंतर बाइंडिंग वायर, सुंभ आणि खिळे गवतात राहतात, आणि संक्रांतीनंतर नायलॉनचा मांजा. कापणीआधी मैदान पायी फिरून वेचणं हाच खरा उपाय आहे. मांजा तर मधल्या भागात दिसतच नाही. तो सरकत रोटरच्या टोकाला, बेअरिंगच्या तोंडाशी जाऊन बसतो, घासून तापतो, वितळतो आणि सील खातो. म्हणून दर आठवड्याला टॉर्च घेऊन दोन्ही टोकं तपासा आणि सापडलेलं हुकाच्या सुरीने कापून काढा.

पीटीओ शाफ्टचं प्लॅस्टिकचं आवरण फुटलं असेल तर आवरण बदलेपर्यंत काम थांबवा. मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या वेगाला शाफ्ट सेकंदाला नऊ फेरे घेतो. गमछ्याचं टोक अडकलं तर माणसाला हात वर करायलाही वेळ मिळत नाही. आवरणाची साखळी स्थिर भागाला अडकवलेली हवी. मागची रबरी झडप फाटली असेल तर तीही बदला, आणि यंत्र चालू असताना किमान ५० मीटरच्या आत कोणी नको. जिथे क्रिकेटची पोरं सीमारेषेवर उभीच असतात, तिथे पहाटे कापणी उरकलेली बरी.

प्रश्न : ओलं गवत कापताना जळक्या रबराचा वास येतो. बेल्ट नवाच आहे. आवळू का अजून?
— संकुल व्यवस्थापक, पवई

उत्तर : आधी मोजा. ढोबळ नियम असा की दोन पुलींमधल्या दर मीटर अंतरामागे बेल्ट १६ मिमी दबावा; अंतर ३० सेंमी असेल तर मध्यभागी दाबल्यावर सुमारे ५ मिमी. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत ताणतो, म्हणून पहिल्याच दिवशी पुन्हा तपासा. गरजेपेक्षा जास्त आवळलात तर बेल्ट वाचेल आणि बेअरिंग जाईल. पुली एका रेषेत आहेत का ते घट्ट धरलेल्या दोरीने बघा. बरोबर असतील तर दोरी दोन्ही पुलींच्या कडांना चार ठिकाणी टेकते. तीन बेल्टांपैकी एकच बदलला असेल तर तो आखूड पडून सगळा भार घेतो. बेल्ट नेहमी एकाच संचातले बदलावेत.

मात्र तुमच्या बाबतीत दोष बहुधा बेल्टचा नसून ओल्या गवताचा आणि चालवण्याच्या पद्धतीचा आहे. गिअर एकने कमी करा, पीटीओचा वेग पूर्ण ठेवा आणि उंच गवत दोन वेळा कापा, पहिल्यांदा वरून. पीटीओ जोडताना इंजिन मंद हवं. भर वेगात लिव्हर ओढला की पहिला हिसका बेल्टच झेलतो.

प्रश्न : कोणत्या निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) किती ग्रीस? गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलायचं?
— वाचक, पनवेल

उत्तर : शाफ्टचे क्रॉस (दोन योकांना जोडणारे सांधे) आणि रोटरची बेअरिंग दर ८ तासांच्या कामानंतर. रोटरच्या बेअरिंगला दोन-तीन पंप पुरे, जास्त दाबलं तर सील बाहेर येतं. मागच्या रोलरला मात्र चिखलातलं पाणी बाहेर पडून ताजं ग्रीस दिसेपर्यंत द्या. निपल आधी फडक्याने पुसा, नाहीतर माती ग्रीसबरोबर आत जाते. शाफ्टच्या सरकत्या नळ्यांनाही ग्रीस लागतं, हे हमखास विसरलं जातं.

गिअरबॉक्समध्ये सहसा ८०डब्ल्यू-९० ईपी गिअर ऑइल असतं. खात्री पुस्तिकेतून करा. पहिला बदल ५० तासांनी, पुढे दर ५०० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. ऑइल दुधी दिसलं तर पाणी शिरलंय, तेव्हा तास न मोजता बदला. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या यंत्रात आणि प्रेशर पंपाने धुतलेल्या यंत्रात हे होतंच. ऑइल सील वारंवार गळत असेल तर सील आणण्याआधी वरचा ब्रीदर (हवा जायचं तोंड) साफ करा. तो बुजला की आतला दाब सीलवाटे वाट काढतो.

प्रश्न : ब्लेडला धार लावावी का? आणि हंगाम संपल्यावर यंत्र ताडपत्रीखाली ठेवलं तर चालेल?
— वाचक, गोराई

उत्तर : वाय ब्लेडला (इंग्रजी Y च्या आकाराच्या पात्याला) लावा, सगळ्यांना सारखी, आणि ग्राइंडर थांबत थांबत चालवा. कडा निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं, मग ती धार टिकत नाही. हॅमर ठोकून कापतो, त्याला वस्तऱ्यासारखी धार नको.

जमिनीला टेकणारी ताडपत्री नको. खाऱ्या हवेत आतला दमटपणा तिच्याखाली कोंडतो आणि उघड्यावर गंजलं असतं त्याहून लवकर गंजतं. शेडमध्ये, ठोकळ्यांवर, बेल्ट सैल करून ठेवा. आतलं गवत खरवडून, धुऊन, वाळवून मग रोटरवर ऑइलचा हात फिरवा आणि सगळ्या निपलांना ग्रीस द्या, म्हणजे बेअरिंगमध्ये राहिलेलं पाणी बाहेर पडेल.