स्मरणचित्राचा पेपर

"मॅडम, बाबा रोज आईचं चित्र काढतात आणि रोज फाडतात, हे नॉर्मल आहे का?" समुपदेशनाच्या कामात थोड्याफार फरकाने हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. कुणाची आई दिवसभर गेलेल्या नवऱ्याचं स्केच घेऊन बसते, कुणाचा भाऊ आजी गेल्यापासून टॅबवर फक्त आजीच काढतोय, आणि घरच्यांना वाटतं माणूस अडकला, आता यातून बाहेर येणार नाही. म्हणून ही एक केस लिहितेय. काकांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काका 62 वर्षांचे, सांगलीकडचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. काकूंना जाऊन 14 महिने झाले होते. मुलगी घेऊन आली होती, काका आपले गप्प बसून पंख्याकडे बघत होते. मुलीने पिशवीतून एक फाईल काढली, त्यात ती सगळी फाडलेली चित्रं सेलोटेपने जोडून ठेवलेली. खरं सांगू का, ते बघून मला आधी काकांची नाही तर तिचीच काळजी वाटली, रोज रात्री डस्टबिनमधून आईचे तुकडे वेचून चिकटवत बसणारी मुलगी.

पण त्या दिवशी चुकले मीच. "रोज", "फाडतात", "14 महिने" एवढं ऐकलं आणि डोक्यात लगेच हिशोब सुरू, कारण लांबलेल्या शोकाला आता आजार म्हणून वेगळं नाव आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्यासाठी किमान 6 महिन्यांची अट आहे आणि मानसिक आजारांच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये 2022 पासून मोठ्या माणसांसाठी 1 वर्षाची. नुसते महिने मोजून काही ठरत नाही हे मला माहीत होतं, मी बाकीचंही विचारलं. काका झोपत होते, जेवत होते, सकाळी फिरायला जायचे, भजनी मंडळात टाळ वाजवायचे. मरणाचे विचार येतात का हे मी सरळच विचारते, तर म्हणाले, नाही हो, पेन्शन चालू आहे अजून. एवढं सगळं ठीक असूनही मी सांगून बसले की एक दिवसाआड काढा, बघू काय होतं.

तीन आठवडे काका आलेच नाहीत.

चौथ्या आठवड्यात एकटेच आले आणि म्हणाले, "मॅडम, गाडीचा आवाज न ऐकताच तुम्ही इंजिन खोलायला सांगितलंत." बरोबरच होतं. का फाडता, हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हा विचारलं.

"ती येत नाही, फोटो येतो."

फोटो म्हणजे पुतण्याच्या लग्नातला, हार घालून हॉलमध्ये लावलेला. काका त्याची झेरॉक्स काढायचे, त्यावर अर्ध्या अर्ध्या इंचाच्या चौकटी आखायच्या, मोठ्या ड्रॉइंग पेपरवर तेवढ्याच, पण मोठ्या चौकटी, आणि एकेक चौकट उतरवत जायचं, जुने बोर्ड रंगवणारे करायचे तसं. नाक नाकाच्या जागी, डोळे डोळ्यांच्या जागी, चूक काहीच नाही. फक्त फोटोवाल्याने काकूंना गोरं केलेलं आणि गालावरचा तीळ पुसलेला. "यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना मिसळून मी तिचा रंग आणतो, पण सावली कुठं पडायची तेच फोटोत नाही." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, डोळे मिटले तरी आता फोटोच दिसतो, तिचा चेहरा येत नाही, मी विसरायला लागलोय तिला.

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याचं उत्तर इथं नीटच लिहिते. चेहरा ओळखणं आणि चेहरा मनात हवा तेव्हा उभा करणं ही दोन वेगळी कामं आहेत. ते माणूस आत्ता भाजी मंडईत ओझरतं दिसलं तरी तुम्ही गर्दीतून ओळखाल, पण डोळे मिटून नाक कसं होतं सांगा म्हटलं तर जिवंत माणसाचंही धड सांगता येत नाही, करून बघा. आपण माणूस वर्षानुवर्षं हलताना, बोलताना बघतो, फोटो मात्र एकच आणि तोही रोज समोर, मग तोच वर येऊन बसतो. प्रेम कमी झाल्याचं ते लक्षण नाही. चित्रकार एम. एफ. हुसेन पंढरपूरचे, त्यांची आई ते अगदी तान्हे असतानाच गेली, चेहरा आठवायला काही नव्हतंच, आणि मदर तेरेसांची त्यांची चित्रं बघा, निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडीवर मूल आहे, चेहऱ्याच्या जागी रिकामं. आई कुठंही कमी पडत नाही त्यात.

हे मी काकांना सांगितलं तर ते एकदम म्हणाले, "म्हणजे स्मरणचित्र!" शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला त्यांनी तो पेपर दिला होता, बसस्टॉप नाहीतर आठवडी बाजार असला काहीतरी विषय, समोर काही ठेवलेलं नाही, आठवून काढायचं. त्यात नाक कोण बघतंय, म्हणाले, बाई वाकली कशी, ओझं कुठल्या खांद्यावर, त्यावर मार्क. काकांना 'बी' ग्रेड होती.

पुढच्या वेळी चित्र आणलं. विळीवर बसलेली बाई, पाठमोरी, एक पाय विळीच्या पाटावर, अंबाडा सुटत आलेला, मान जराशी डावीकडे, कुकरकडे कान असल्यासारखी. चेहरा नाहीच. मुलगी बघून "आई" एवढंच म्हणाली.

आणि काका रडले. "34 वर्षं तिनं वाढलं आणि मी पेपर वाचत जेवलो. मी बघितलंच नाही मॅडम तिच्याकडं. कुठनं येणार चेहरा?"

तर आवाज हा होता. अशा वेळी जीभ शिवशिवते की नाही हो काका, तुम्ही खूप केलंत त्यांच्यासाठी. मी नाही म्हटलं, कारण ते थोडं खरं होतं आणि त्यांना ते माहीत होतं, खोटी समजूत घातली की माणूस परत एकटा पडतो. पुढची चार-पाच सेशन्स आम्ही फक्त यावरच बोललो. चित्र थांबवायला मी परत सांगितलं नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने 1917 मध्ये मांडलं होतं की गेलेल्या माणसातून मन सोडवून घ्यायला हवं, ते बरेच दिवस चाललं, 1990 नंतर मात्र अभ्यासक म्हणायला लागले की नातं संपत नाही, रूप बदलतं. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

काळजी कधी करायची? चित्रं किती काढली यावरून नाही. चित्रासाठी जेवण, झोप, औषधं सुटली, माणसं नकोशी झाली, कित्येक महिने रोजची ओढ तेवढीच तीव्र राहिली आणि बाकी आयुष्य जागचं हलेना, किंवा "मलाही तिकडंच जायचंय" असं बोलणं आलं तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

काका आता फाडत नाहीत. शेवटच्या सेशनला मी मुलीला विचारलं की त्या चिकटवलेल्या फाईलचं काय करणार, मनात होतं की आता देईल टाकून. तर म्हणाली, "अजिबात टाकणार नाही. बाबांसाठी ती फोटोतली नसेल, माझी आई त्या लग्नातलीच आहे, ती साडी मी निवडली होती." हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

काकांनी फाईल ओढून घेतली, चष्मा वर केला. "काठ फोटोत मरून रंगाचा दिसतोय. खरा कुठला होता गं?"

"वांगी कलर, बाबा."